रॅम किती, आणि कशी?

"सोळा जीबी आहे ना, मग झालं!"

आज एका तयार डेस्कटॉपचं झाकण उघडलं, तेव्हा त्याचा मालक हेच म्हणाला. आत रॅमची एकच पट्टी. शेजारचा स्लॉट रिकामा.

आकडा खोटा नव्हता, अर्धवट होता. डीडीआर४-३२०० (रॅमची पिढी आणि वेग) ची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा वाहून नेते. ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या दोन चॅनेलवर (रॅम आणि प्रोसेसरमधल्या दोन वेगळ्या वाटांवर) लावल्या की ५१.२. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल, तर गेममध्ये हा फरक चांगलाच जाणवतो.

सुटे भाग घेऊन स्वतः मशीन जुळवणाऱ्यालाही हे आपोआप मिळत नाही. चार स्लॉट असतील तर दोन पट्ट्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात (बोर्डाचं मॅन्युअल बघाच). बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग, चालू केलं नाही, तर ३२०० ची रॅम अनेकदा २१३३ किंवा २६६६ वरच चालते.

तयार मशीन घेणं मला चूक वाटत नाही. सगळ्याची मिळून एकच वॉरंटी असते. पण काही कंपन्या पॉवर सप्लाय आणि मदरबोर्ड स्वतःच्याच मापाचे घालतात. तो सप्लाय जळला की साधा एटीएक्स (बाजारात सर्रास मिळणाऱ्या प्रमाणित मापाचा) सप्लाय तिथे बसत नाही.

पट्ट्या किती, सप्लाय कुठल्या मापाचा, हे खोक्यावर ठळक का छापत नाहीत?