माझा अनुभव: लॅबच्या फॉर्मवरचे तीन रिकामे रकाने

माझ्या ताईला आठव्या महिन्यात एका रात्रीत बीपी १७०/११० झालं. ३२व्या आठवड्यात सिझर, बाळ महिनाभर काचेच्या पेटीत. त्यामुळे मला दिवस राहिल्यावर पहिल्याच भेटीत मी डॉक्टरबाईंना ते सांगितलं. पहिलं बाळंतपण आणि सख्ख्या बहिणीला हा त्रास, म्हणजे प्री-एक्लॅम्पसिया (गरोदरपणात बीपी वाढण्याचा आजार), दोन्ही ऐकून त्या म्हणाल्या, "११ ते १३ आठवड्यांच्या सोनोग्राफीबरोबर रक्तावरूनही त्याच्या धोक्याचा अंदाज घेऊ."

दादरची सोनोग्राफी सरळ पार पडली. १२ आठवडे ३ दिवस, बुधवार. अडलं ते त्याच संध्याकाळी, मुलुंडला घराजवळच्या लॅबच्या काउंटरवर.

चिठ्ठीवर रक्ताच्या दोन तपासण्या होत्या: डबल मार्कर आणि पीएलजीएफ (वारेतून रक्तात येणारं एक प्रथिन). काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, डबल मार्करमध्ये सगळं येतं." मी मान्य केलं. तिने फॉर्मवर वय, वजन, पाळीची तारीख लिहिली. खाली तीन रकाने होते: पीएलजीएफवर खूण, बीपी, आणि गर्भाशयाच्या रक्तवाहिनीचा डॉपलर (सोनोग्राफीत मोजलेला रक्तप्रवाह). तिन्हींवरून तिने एकच तिरकी रेघ ओढली. ती रेघ मला अजून दिसते.

शनिवारी रिपोर्ट आला. त्यात डाउन सिंड्रोमच्या धोक्याचा आकडा होता, बीपीबद्दल एक अक्षर नाही. डबल मार्कर म्हणजे रक्तातले दोनच घटक, पॅप-ए आणि बीटा एचसीजी, एवढंच. पीएलजीएफ वेगळं मागावं लागतं. वार (प्लॅसेंटा) नीट रुजत नसेल तर रक्तात ते कमी येतं, आणि बीपी वाढायच्या कितीतरी आठवडे आधी कमी येतं. म्हणून तर ही तपासणी करायची! मला हवं होतं तेच नेमकं गायब होतं.

रविवारी फोन कुणी उचलला नाही. सोमवारी गेले तर उत्तर मिळालं, "डॉक्टरांनी पुन्हा लिहून द्यायला हवं, आणि डॉपलरचा आकडा नसेल तर मशीन धोका काढत नाही." सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये डॉपलर होता का? नव्हता, कुणी सांगितलंच नव्हतं. मंगळवारी डॉक्टरबाई, बुधवारी पुन्हा दादर, गुरुवारी पुन्हा सुई आणि पुन्हा पैसे. १३ आठवडे ४ दिवस. १३ आठवडे ६ दिवसांनंतर हे गणित करत नाहीत. म्हणजे हातात दोनच दिवस उरले होते. लोकलमध्ये उभ्याने मी बोटांवर दिवस मोजत होते आणि संताप आवरत नव्हता. माझ्यासाठी ताईची रात्र पणाला लागली होती, त्यांच्यासाठी एक रेघ.

दुसऱ्या वेळी मी फॉर्म स्वतः वाचला, प्रत्येक रकाना भरून घेतला आणि फोनमध्ये फोटो काढला. तुम्हीही हेच करा. सोनोग्राफीची वेळ घेतानाच सांगा, "युटेराइन आर्टरी डॉपलरही हवा." बीपी घेण्याआधी पाच मिनिटं शांत बसा, दोन्ही हातांचं घ्या. जिना चढून धापा टाकत दिलेला आकडा कामाचा नाही. आणि नुसतं ताईला होतं म्हणून मनानेच गोळ्या सुरू करू नका.

प्री-एक्लॅम्पसियाचा माझा धोका जास्त निघाला. रडू आलं, पण वेळेत कळल्याने डॉक्टरबाईंनी लगेच ॲस्पिरिन सुरू केलं, रोज रात्री १५० मिलिग्रॅम, ३६ आठवड्यांपर्यंत. ते १६ आठवड्यांच्या आत सुरू व्हावं लागतं. २०१७ च्या एका मोठ्या चाचणीत, धोका जास्त असलेल्या बायकांमध्ये यामुळे ३७ आठवड्यांआधी होणारा प्री-एक्लॅम्पसिया ६२ टक्क्यांनी घटला होता. आठ दिवसांचे पंधरा झाले असते, तर रक्ताच्या तपासणीची वेळ टळली असती.

एक राहिलं: सोनोग्राफीच्या रिपोर्टची झेरॉक्स रक्ताबरोबर लॅबला द्या. बाळाच्या लांबीवरून दिवस ठरतात, आणि दिवस चुकले तर सगळाच हिशेब चुकतो.

३४व्या आठवड्यात पाय सुजले, डोकं दुखलं, बीपी १३८/८८. डॉक्टरबाईंनी एसएफएलटी-१ आणि पीएलजीएफचं गुणोत्तर काढायला पाठवलं. आजारी वार एसएफएलटी-१ हे दुसरं प्रथिन जास्त सोडते आणि ते पीएलजीएफला धरून ठेवतं, म्हणून गुणोत्तर चढतं. ३८ किंवा त्याखाली असेल तर पुढच्या आठवड्यात हा आजार उद्भवण्याची शक्यता फार कमी. यावेळी फॉर्म मीच भरला. आकडा २१ आला.

रात्री ताईला फोन केला. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "आकडा परत सांग."