प्लांटेड टँक आणि शेवाळ : कोल्हापुरातला माझा अनुभव

प्लांटेड टँक म्हणजे पाण्यातली झाडं वाढवायची काचेची टाकी. माझी दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. हिशेबाने 70 लिटर, पण माती, वाळू, दगड आत गेल्यावर खरं पाणी 60 लिटरच्या आसपास राहतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे खताचं गणित त्यावरच बसतं. लोखंडी स्टँड उद्यमनगरात वेल्डिंग करून घेतला. तळाला चाळलेली लाल माती, वर धुतलेल्या बारीक खडीचा थर. खडीवर आधी व्हिनेगर टाकून पाहिलं. फसफसली तर त्यात चुना आहे, ती पाणी जड करत राहते.

पाण्याच्या बाबतीत कोल्हापूरकर नशीबवान. 2023 च्या दिवाळीत थेट पाईपलाईनचं काळम्मावाडी धरणाचं पाणी शहरात आलं. धरणाचं पाणी म्हणजे बोअरच्या मानाने मऊ, आणि बहुतेक झाडांना तेच मानवतं. फक्त क्लोरीन काढायला दुकानातलं अँटिक्लोरीन टाकायचं. पावसाळ्यात नदी-धरणं गढूळ झाली की क्लोरीनचा वास वाढतो, तेव्हा थोडं जास्त सांभाळायचं.

झाडं लावली, पाणी भरलं, 6500 केल्विनचा, म्हणजे दिवसासारख्या पांढऱ्या उजेडाचा एलईडी लावला आणि मासे न सोडता थांबले. नव्या टँकमध्ये अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना विषारी. त्या काळात काचेवर, पानांवर तपकिरी थर चढला. हे डायटम, एक प्रकारचं तपकिरी शेवाळ. नवं पाणी, त्यातलं सिलिका, कच्चा टँक. बोटाने पुसलं तरी निघतं आणि टँक मुरला की आपोआप जातं. त्याच्यासाठी काहीही विकत घेऊ नका.

खरा त्रास त्यानंतर. हिरवे केसाळ धागे, आधी खडीवर, मग झाडांच्या शेंड्यांवर. दुकानदाराने दोन उपाय सांगितले: शेवाळ मारायचं औषध आणि सकर मासा. औषधाच्या बाटलीवर तांबं लिहिलं होतं. तांब्याने शेवाळाबरोबर कोळंबीही मरते, गोगलगायीही मरतात. सकर मासा लहान असताना काच चाटतो, पुढे फूटभराहून मोठा होतो, टँकमध्ये मावत नाही आणि मग लोक त्याला तलावात सोडून येतात. उजनीतल्या मच्छीमारांना विचारा हा मासा जाळ्यांचं काय करतो ते. मी दोन्हीला नको म्हणाले.

त्या आठवड्यात शिरोळचे मामा आले होते. आयुष्यभर ऊस केलेला माणूस. टँककडे बघत म्हणाले, "तण काय मारत बसलीयंस? ऊस वाढीव की. उसानं रान झाकलं की तण जातंय कुठं?"

"मामा, पण खत घातलं तर शेवाळच वाढणार ना?"

"उसाला खत घालतोय तवा तण वाढतंयच की. म्हणून उसाला उपाशी ठेवतोय का आम्ही?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तोवर मी जे वाचत होते त्याचाही अर्थ हाच होता. शेवाळाला उपाशी मारायला नायट्रेट-फॉस्फेट, म्हणजे झाडांचंच खत, शून्यावर आणलं की आधी झाडं थांबतात. शेवाळाला तसंही फार थोडं पुरतं. थांबलेल्या झाडाची जुनी पानं कुजतात, त्यातून अमोनिया सुटतो आणि त्यावर शेवाळाची चैन होते. सांडपाण्याने रंकाळ्याचं पाणी हिरवं होतं आणि पंचगंगेवर केंदाळ (जलपर्णी) पसरतं, तेही खतच, पण तिथे ते सतत येत राहतं, मोजून मापून नाही.

मग सगळ्यात आधी उजेड कमी केला. उजेडावर झाडाची भूक ठरते. भूक वाढली आणि कार्बन डायऑक्साइड मिळाला नाही तर झाड अडकतं. हा वायू पाण्यात हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतो, त्यामुळे त्याचा सिलिंडर नसलेल्या टँकमध्ये बहुतेक वेळा तोच कमी पडतो. माझ्याकडे सिलिंडर नाही, घ्यायचाही नाही. म्हणून लाईट वर उचलला आणि इलेक्ट्रिकच्या दुकानातला साधा टायमर लावून रोज सहा तासांवर आणला. खिडकीतून येणारं सकाळचं ऊन पडद्याने अडवलं.

मग भराभर वाढणारी झाडं कोंबली: वॅलिसनेरिया, हायड्रिला, वॉटर विस्टेरिया, हॉर्नवर्ट. ही आपल्याकडची काटक मंडळी, अमोनियाही झटपट खातात. क्रिप्टोकोरीन लावल्यावर त्याची सगळी पानं वितळली. उपटू नका, मुळं जिवंत असतात. नर्सरीत बरीच झाडं पाण्याबाहेर वाढवतात, ती पानं पाण्याखाली टिकत नाहीत. नवी पानं येतात ती पाण्यातली. वितळलेलं तेवढं कापून काढायचं.

खतासाठी मात्र दुकानातल्या रंगीत बाटल्या घेतल्या नाहीत. मामांबरोबर कृषी सेवा केंद्रात गेले. 13:00:45 म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि 00:52:34 म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. ठिबकवाले शेतकरी हीच वापरतात. एक किलोची पाकिटं माझ्या टँकला कित्येक वर्षं पुरतील. सोबत चिलेटेड लोह, म्हणजे पाण्यात विरघळून झाडांना घेता येईल असं लोह. दुकानदार 19:19:19 पुढे करेल, ते घेऊ नका. त्यात युरिया आणि अमोनिया असतो. हिशेब असा: 100 लिटरमध्ये एक ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट टाकलं की नायट्रेट सुमारे 6 मिलिग्रॅम प्रतिलिटर वाढतं, म्हणजे माझ्या 60 लिटरमध्ये साधारण 10. फॉस्फेटवालं फार कमी लागतं. माझ्या टँकमध्ये ग्रॅमचा दहावा भाग टाकला तरी फॉस्फेट एक मिलिग्रॅम प्रतिलिटरहून वर जातं. त्यासाठी सोनाराच्या काट्यासारखा छोटा डिजिटल काटा हवा, चमच्याने जमत नाही.

दर आठवड्याला निम्मं पाणी बदलायचं. हे सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं, पण उरलेलं खत आणि कुजलेला गाळ त्यातच जातो. धागे टूथब्रशवर गुंडाळून काढत राहिले. कोणी जादूचा दिवस सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. विस्टेरियाने पाण्याचा पृष्ठभाग गाठला तसे धागे विरळ होत गेले, मग नवे येणं थांबलं. तेव्हा कुठे चेरी कोळंबी सोडली. तिचं काम उरलंसुरलं खरवडण्याचं. भरलेलं रान साफ करायला तिला लावू नये.

अनुबियास या झाडाच्या पानांच्या कडेला काळ्या शेवाळाची दाढी उगवली होती, ती मात्र हटेना. झाड बाहेर काढून शेवाळावर तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने लावलं, दोन मिनिटांनी धुऊन परत लावलं. काही दिवसांत ती दाढी लालसर होऊन गळली. मेडिकलमध्ये बहुधा सहा टक्क्यांची बाटली मिळते, तेवढंच पाणी घालून निम्मी करा.

आता महिन्यातून एकदा छाटणी करावी लागते. कापलेल्या फांद्या मित्रमंडळींना देते, उरलेल्या कुंडीत जातात. नाल्यात, रंकाळ्यात अजिबात नाही. काचेवर हिरवे ठिपके येतातच, ते जुन्या एटीएम कार्डने खरवडते. एप्रिलमध्ये पाणी 31 अंशांवर गेलं की शेवाळ पुन्हा डोकं काढतं, तेव्हा झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा लावते. दोन-तीन अंश उतरतात. पंख्याने उडालेल्या पाण्याच्या जागी रोज थोडं घालावं लागतं, पण ते पाणी बदलण्यात धरू नका. पाणी उडतं, क्षार मागेच राहतात.