तुम्ही विचारलेत म्हणून: डेटाबेसच्या वर्गात आधी लिनक्स कशासाठी?

मोठ्या संस्थांचे डेटाबेस लिनक्सवर चालवणाऱ्या प्रशासकांना मी प्रशिक्षण देते. वर्ग सुरू होऊन थोडे दिवस गेले की प्रत्येक तुकडीत एक प्रश्न येतोच: आम्ही डेटाबेस शिकायला आलो आहोत, मग एवढा वेळ ऑपरेटिंग सिस्टिमवर का खर्च होतो आहे? प्रश्न रास्त आहे. ओरॅकलचा डेटाबेस १९९८ मध्ये लिनक्सवर आला आणि २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हरही आला, त्यामुळे विंडोजवर अनेक वर्षे उत्तम काम केलेली माणसे आता माझ्यासमोर बसतात. त्यांना क्वेरी लिहिता येतात, इंडेक्स कळतो, आणि फाइल परवानग्या व कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) सेटिंगमध्ये अडकून पडणे त्यांना साहजिकच जाचते.

माझे उत्तर असे आहे की डेटाबेस जे काही करतो, त्यासाठी लागणारी मेमरी, डिस्क आणि प्रोसेसरचा वेळ तो कर्नलकडूनच घेतो. ही देवाणघेवाण ज्याला दिसत नाही, त्याला बिघाड झाल्यावर फक्त डेटाबेसच्या तक्रारी दिसतात, आणि त्या तक्रारींत खरे कारण बहुधा लिहिलेले नसते.

मेमरीचेच पाहा. डेटाबेसची सामायिक मेमरी ६४ जीबी आहे असे समजा. कर्नल मेमरी पेज नावाच्या छोट्या तुकड्यांत वाटतो. नेहमीचे पेज ४ केबीचे असते, म्हणजे तेवढ्या मेमरीची १ कोटी ६७ लाखांहून अधिक पेजेस होतात. प्रत्येक पेजच्या नोंदीला ८ बाइट लागतात, म्हणून ती सगळी मेमरी हाताळणाऱ्या एका प्रोसेसचे (चालू प्रोग्रामचे) पेज टेबल, म्हणजे या नोंदींची यादी, १२८ एमबीपर्यंत वाढते. अशा ५०० प्रोसेस असतील, तर मेमरीचा नुसता हिशेब ठेवण्यासाठीच आणखी ६२.५ जीबी लागू शकतात. सर्व्हर गुदमरतो, पण डेटाबेसच्या कोणत्याही अहवालात ही मेमरी दिसत नाही, कारण ती डेटाबेसने घेतलेलीच नसते. २ एमबीची ह्यूज पेजेस, म्हणजे मोठी पेजेस, वापरली की तीच मेमरी ३२,७६८ पेजेसमध्ये मावते आणि प्रत्येक प्रोसेसचे पेज टेबल २५६ केबीवर येते. मात्र ओरॅकलमध्ये मेमरीचे संपूर्ण स्वयंचलित व्यवस्थापन चालू ठेवले असेल, तर ही ह्यूज पेजेस वापरलीच जात नाहीत. त्यांच्यासाठी राखून ठेवलेली मेमरी पडून राहते आणि टंचाई उलट वाढते. म्हणून हा हिशेब मी प्रत्येकाकडून कागदावर करून घेते, आणि मगच सेटिंगला हात लावू देते.

मेमरी खरोखर संपली की कर्नल एखादी प्रोसेस मारून जागा मोकळी करतो, आणि सर्वाधिक मेमरी वापरणारी म्हणून डेटाबेसची प्रोसेस सहज त्याच्या नजरेत भरते. पोस्टग्रेस या मुक्त स्रोत डेटाबेसमध्ये एका कनेक्शनची प्रोसेस अशी मारली गेली, तर बाकीची सगळी कनेक्शन्स तोडून रिकव्हरी, म्हणजे माहिती पुन्हा सुसंगत स्थितीत आणणे, करावी लागते. डेटाबेसच्या लॉगमध्ये (नोंदवहीत) ती प्रोसेस सिग्नल ९ ने, म्हणजे सक्तीने, संपली एवढेच दिसते. कोणी मारली आणि का, ते कर्नलच्या लॉगमध्ये असते.

डिस्कच्या बाबतीत तर डेटाबेसची सर्वांत मोठी हमीच कर्नलवर अवलंबून आहे. कमिट झाले (बदल पक्का झाला) म्हणजे माहिती टिकली, हे डेटाबेस सांगतो तेव्हा तो एफसिंकच्या, म्हणजे माहिती खरोखर डिस्कवर लिहा या कर्नलला केलेल्या विनंतीच्या, उत्तरावर विसंबून बोलत असतो. २०१८ मध्ये उघड झाले की डिस्कवर लिहिताना चूक झाल्यास पोस्टग्रेस एफसिंक पुन्हा करत असे, पण लिनक्सचा कर्नल ते न लिहिले गेलेले पेज लिहिल्यासारखे मानून दुसऱ्या वेळी यश कळवू शकत होता. दोन्ही बाजूंच्या विकासकांनी यावर उघडपणे चर्चा केली, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेल्या ११.२ आवृत्तीपासून अशी चूक आली की पोस्टग्रेस स्वतःहून थांबतो आणि बदलांच्या लॉगवरून रिकव्हरी करतो. ही सगळी चर्चा आणि तो कोड आज कोणालाही वाचता येतो. मुक्त स्रोत प्रणालीवर शिकण्याचा हा लाभ मला परवान्याच्या बचतीपेक्षा फार मोठा वाटतो.

आदेश पाठ करून घेण्यावर माझा विश्वास नाही. ते पुस्तिकेत सापडतात. मी सरावाचे सर्व्हर मुद्दाम बिघडवते. एका सरावात चालू ओरॅकल डेटाबेसची एक डेटाफाइल (प्रत्यक्ष माहिती साठवणारी फाइल) पुसून टाकायला सांगते. डेटाबेस काही काळ चालूच राहतो. नव्याने फाइल उघडू पाहणाऱ्या सेशनला तेवढी एरर येते. अशा वेळी जवळजवळ प्रत्येकाला डेटाबेस रिस्टार्ट करून पाहावासा वाटतो, आणि तेच सर्वाधिक घातक आहे. लिनक्समध्ये फाइल पुसली म्हणजे तिचे नाव जाते. जोवर एखाद्या प्रोसेसने ती उघडून ठेवली आहे, तोवर तिच्यातला मजकूर डिस्कवर शाबूत असतो. डेटाबेसची लेखन प्रोसेस शोधावी, चालू प्रोसेसची माहिती दाखवणाऱ्या प्रॉक डिरेक्टरीत तिच्या उघड्या फाइल्स पाहाव्यात, तिथून प्रत काढावी आणि आर्काइव्ह लॉगच्या (जपून ठेवलेल्या बदलांच्या नोंदींच्या) आधारे रिकव्हरी करावी. रिस्टार्ट केला तर ती प्रोसेस संपते आणि फाइलही कायमची जाते. मग उरतो तो बॅकअप, असला तर.

हा सराव झाल्यावर परीक्षेत मी बिघडलेला सर्व्हर देते आणि एकच अट घालते: काहीही बदलण्यापूर्वी दोष डेटाबेसचा आहे की ऑपरेटिंग सिस्टिमचा, आणि कोणत्या आकड्यावरून तसे वाटते, हे लिहून द्यावे. निदान चुकले तरी आकडा योग्य ठिकाणाहून घेतला असेल, तर मी अर्धे गुण देते.