ज्याच्या हाती काहीच नव्हते

आज बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा २३ वा अध्याय वाचायला घेतला आणि येशूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेल्या दोघा अपराध्यांपैकी एकापाशी थांबले. पुढे जाववेना.

मत्तय आणि मार्क आपापल्या शुभवर्तमानात सांगतात की दोघेही अपराधी येशूची निंदा करत होते. म्हणजे बहुधा तिथे टांगलेला असतानाच, मरणाच्या वेदना सोसता सोसता, याचे मन पालटले. तो दुसऱ्याला दटावतो, आपल्याला मिळतेय ती शिक्षा रास्तच आहे, असे म्हणतो. आणि येशूकडे मागतो तरी काय? फक्त एवढेच, की तू राजा म्हणून येशील तेव्हा माझी आठवण ठेव. सुटका मागत नाही, क्षमा हा शब्दही उच्चारत नाही. उत्तर येते ते ‘आज’चे: आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील.

त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता. कुणाचे लुबाडलेले परत करायला वेळ नव्हता, एक प्रार्थनासभा गाठायची सोय नव्हती. प्रेषित पौल रोमकरांना लिहितो की काम करणाऱ्याला मजुरी मिळते ती कृपा नव्हे, ते त्याचे येणेच असते. या माणसाचे देवाकडे काहीच येणे निघत नव्हते. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, ते देवाचे दान आहे, असे इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. आठवी-नववी ओवी आपण तोंडपाठ म्हणतो आणि दहावी सोडून देतो, याची मला फार खंत वाटते. तिथे लगेच सत्कृत्यांचा विषय निघतो: आपल्याला त्यांच्यासाठीच निर्माण केले आहे. कृपा आधी, कृत्ये तिच्या मागून. हाच क्रम लावताना मंडळी शतकानुशतके भांडली. ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये लूथरन आणि कॅथलिक मंडळींनी मिळून घोषणापत्रावर सह्या केल्या, की देव आपल्याला स्वीकारतो ते केवळ कृपेने, आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे. ते वाचले की मला अजूनही भरून येते.

पण एक प्रश्न सुटत नाही. त्या माणसाने ज्यांचे वाटोळे केले, त्यांचे काय? त्यांना हे ‘आज’ ऐकू गेले असते तर कसे वाटले असते?

म्हणून मी चार अध्याय मागे, जक्कय या श्रीमंत जकातदाराकडे गेले. येशू आधी म्हणतो, मला तुझ्या घरी उतरायचे आहे. जक्कय सुधारेपर्यंत तो थांबत नाही. मग जक्कय उभा राहतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचे लुबाडले त्याला चौपट. त्याच्याजवळ वेळ होता, घर होते, पैसा होता. कृपा मिळालेल्या माणसाचे हात मोकळे असले की ते असे चालतात.

माझे हात मोकळे आहेत. कुणाचे काय देणे राहिले आहे, त्याची यादी आज रात्री करायला बसणार आहे. पहिले नाव मला माहीत आहे, तिला उद्या फोन करेन.