टिंबाने सुरू होणारा फोल्डर

मुलीच्या लहानपणीची, फ्लॅश या चलचित्रे आणि खेळ चालवणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरवर चालणारी गणिताची सीडी जुन्या लिनक्स संगणकावर लावून पाहावी, म्हणून आज नौपाड्यातल्या घरी दुपारभर खपलो. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा पाठिंबा थांबवल्यामुळे, २०१६ साली उतरवून ठेवलेले त्याचे प्लगइन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) फायरफॉक्स ब्राउझरच्या तितक्याच जुन्या आवृत्तीत हातानेच बसवावे लागले. इतके जुने सॉफ्टवेअर असुरक्षित, म्हणून अर्थात इंटरनेटची वायर आधी काढून ठेवली.

काम तसे एवढेसेच: संकुचित फाइल उलगडायची आणि त्यातली ‘लिबफ्लॅशप्लेअर डॉट एसओ’ ही फाइल होम फोल्डरमधल्या ‘.मोझिला’च्या आत ‘प्लगइन्स’ नावाचा फोल्डर करून तिथे ठेवायची. टिंबाने सुरू होणारे फोल्डर लपलेले असल्याने ते कंट्रोल आणि एच दाबल्याखेरीज दिसत नाहीत, हे मी साफ विसरलो होतो.

तरीही प्लगइन्सच्या यादीत फ्लॅश उमटेना. शेवटी टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, फाइलचा प्रकार सांगणारी ‘फाइल’ ही आज्ञा देऊन पाहिल्यावर उलगडा झाला की ब्राउझर ६४ बिटांचा आणि प्लगइन ३२ बिटांचे होते, आणि अशी जोडी थेट जुळत नाही. चूक माझीच, पण ब्राउझरने एका शब्दाने तरी सांगायला हरकत नव्हती! सुदैवाने जुन्या पेनड्राइव्हमध्ये ६४ बिटांची प्रतही निघाली. ती ठेवून ब्राउझर पुन्हा उघडताच पडद्यावर पाढे म्हणणारा पोपट अवतरला, आणि आता कॉलेजात जाणारी मुलगी स्वयंपाकघरातून धावत आली.