नर्सिंगची वाट अकरावीच्या फॉर्मपासून सुरू होते

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात नर्सिंगचा विषय घरात निघतो तो बहुतेक वेळा बारावीच्या निकालानंतर. तोवर अर्धा निर्णय होऊन गेलेला असतो. तो होतो दहावीनंतर, पीयू, म्हणजे अकरावी-बारावीच्या कॉलेजच्या फॉर्मवर विषय भरताना. बीएस्सी नर्सिंगला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं. पीसीएमबी (भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र) घेतलं असेल तर वाट मोकळी. पीसीएमसी, म्हणजे जीवशास्त्राच्या जागी कॉम्प्युटर सायन्स घेतलं, तर दोन वर्षं सायन्स करूनही बीएस्सीला अर्ज करता येत नाही. ‘सायन्सच आहे ना’ म्हणून भागत नाही. दुसरी भाषा मराठी, कन्नड की हिंदी, याने मात्र काही अडत नाही.

वाटा तीन. एएनएम (सहायक परिचारिका-सुईण) दोन वर्षांचं, कोणत्याही शाखेच्या बारावीवर, आणि फक्त मुलींसाठी. काम मुख्यतः गावपातळीवर: उपकेंद्र, गरोदर बायकांच्या नोंदी, लसीकरण, घरभेटी. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) तीन वर्षांचं, त्यात शेवटी सहा महिने इंटर्नशिप. त्यालाही आर्ट्‌स, कॉमर्स चालतं, पण बारावीला इंग्रजी हवं आणि ४० टक्के हवेत. बीएस्सी चार वर्षांचं, आठ सेमिस्टर. पीसीबीत (भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून) ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षं पूर्ण लागतात. जीएनएम आणि बीएस्सी मुलांनाही खुलं आहे.

माझं मत स्पष्ट आहे. पीसीबीत ४५ टक्के असतील तर बीएस्सीच करा. आर्ट्‌स-कॉमर्सवाल्यांनी पुन्हा बारावी सायन्स करण्यात वर्षं घालवू नयेत, सरळ जीएनएम करावं. पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं. एकूण पाच वर्षं, म्हणजे बीएस्सीपेक्षा एकच जास्त. वॉर्डात सुरुवातीला दोघांच्या कामात फार फरक दिसत नाही, तो पुढे दिसतो. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर परीक्षेला बीएस्सी झाल्यावर लगेच बसता येतं. जीएनएमला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव मागतात. एएनएम मात्र गावातच राहून काम करायची मनापासून इच्छा असेल तरच घ्या. ‘आधी एएनएम, मग बघू’ हा विचार महागात पडतो, कारण नंतर जीएनएमला गेलात तर तिथली तीन वर्षं पहिल्यापासूनच करावी लागतात.

बीएस्सीसाठी आता केसीईटी, म्हणजे कर्नाटकची सामायिक प्रवेश परीक्षा, द्यावी लागते. इथे सर्वांत मोठी चूक तारखेची होते. अर्ज साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, सेकंड पीयूच्या परीक्षेआधीच भरून घेतात. निकालाची वाट बघत बसलं की सरकारी कोट्यातली जागा हातची जाते आणि उरते ती मॅनेजमेंट सीट, तिच्या फीसकट. प्रत्येक पेपर ६० गुणांचा, ८० मिनिटांचा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका.

कागदपत्रांत सीमाभागातल्या मुलांनी दोन गोष्टी आधीच तपासाव्यात. एक म्हणजे, इयत्ता पहिली ते बारावीत किमान सात वर्षं कर्नाटकात शिकून दहावी किंवा बारावी इथूनच पास झाल्याचे दाखले. काही वर्षं चंदगड किंवा गडहिंग्लजच्या शाळेत काढली असतील तर ही वर्षं नीट मोजा. दुसरी, ग्रामीण आरक्षण. पहिली ते दहावी कर्नाटकातल्या ग्रामीण शाळेत झाली असेल तर ते मिळू शकतं, माध्यम मराठी असलं तरी. कन्नड माध्यमाचं आरक्षण वेगळं, ते आपल्याला लागू नाही. दोन्हींची गल्लत झाली की हक्काचा रकाना रिकामा राहतो. ग्रामीण शाळेच्या दाखल्यावर बीईओंची (गटशिक्षणाधिकाऱ्यांची) सही लागते. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून (स्थानिक महसूल कार्यालयातून) काढला की त्यावर आरडी नंबर असतो, तोच अर्जात टाकायचा. आधार, दहावीचं मार्कशीट आणि हे दाखले यांवर नावाचं स्पेलिंग एकच हवं. मराठीतलं नाव कन्नडमधून इंग्रजीत जाताना एखादं अक्षर बदलतंच, आणि ते दुरुस्त व्हायला आठवडे जातात.

महाराष्ट्रात जायचं तर तिथली नर्सिंग सीईटी वेगळी आणि रहिवासाच्या अटीही वेगळ्या. तिथल्या काही व्यावसायिक अभ्यासक्रमांत सीमाभागातल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी तरतूद असते. त्या वर्षीच्या नर्सिंगच्या माहितीपुस्तिकेत ती आहे का, हे अर्जाआधी वाचा. ऐकीव माहितीवर जाऊ नका.

कॉलेज निवडताना इमारत बघू नका, वॉर्ड बघा. नर्सिंग कॉलेजचं स्वतःचं किमान १०० खाटांचं रुग्णालय असावं आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असावेत, असा भारतीय नर्सिंग परिषदेचा निकष आहे. म्हणून कोणत्याही दिवशी सकाळी दहाच्या सुमारास रुग्णालयात जा. शंभर खाटांची पाटी आहे आणि तीस रुग्ण आहेत, तर मुलगी इंजेक्शन, कॅथेटर, ड्रेसिंग शिकणार कुणावर? लेबर रूममध्ये महिन्याला किती बाळंतपणं होतात, तेही विचारा. आधीच्या बॅचच्या मुलींशी बोला, त्या खरं सांगतात.

कॉलेजचं नाव भारतीय नर्सिंग परिषदेच्या यादीत, त्याच कोर्सपुढे आहे का, ते पाहा. कर्नाटक नर्सिंग कौन्सिलची मान्यता इथे नोकरीला पुरते, पण उद्या कोल्हापूर, पुणे किंवा गोव्यात काम करायचं तर तिथल्या कौन्सिलकडे नोंदणी हलवावी लागते, आणि तेव्हा ही यादी उघडली जाते. आपल्या भागातल्या मुली नोकरीसाठी सीमेपलीकडे जातातच, म्हणून हे आत्ताच पाहायचं.

‘हजर राहायची गरज नाही, परीक्षेला या’ म्हणणारा एजंट भेटला तर तिथेच उठा. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते, आणि पदवी मिळण्याआधी प्रात्यक्षिकांची १०० टक्के. ती कागदावर भरली तर पुढे रुग्णाच्या जिवाशी खेळ होतो. टीसी, मार्कशीटच्या मूळ प्रती दिल्यास पोच घ्या. फी विचारताना हॉस्टेल, युनिफॉर्म, परीक्षा फी आणि क्लिनिकल पोस्टिंगची बस धरून चार वर्षांची बेरीज लिहून घ्या. शिष्यवृत्तीचा अर्ज राज्याच्या एसएसपी पोर्टलवर होतो. त्यासाठी बँक खातं आधारशी जोडलेलं हवं.

कन्नड कच्चं असेल तर आत्तापासून बोला. अथणी, गोकाक, रायबागकडचा रुग्ण ‘नोवु’ म्हणाला तर त्याचं दुखतंय हे कळायला हवं, आणि ‘एल्लि’ म्हणून कुठे ते विचारता यायला हवं. नोंदी इंग्रजीत लिहायच्या असतात, त्यामुळे रोज पाच-सहा वाक्यं इंग्रजीत लिहायचा सराव ठेवा.

प्रवेश पक्का झाला की हेपॅटायटिस बीची लस सुरू करा. तीन डोस असतात: पहिला, एक महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. सुईशी गाठ पहिल्याच वर्षी पडते, म्हणून वॉर्डातल्या पोस्टिंगआधी किमान दोन डोस तरी झालेले असू देत.