डाव्या नसेची चमक

रिपोर्टची पहिली ओळ दिलासा देणारी होती: श्रवणाच्या नसेवर गाठ नाही. एमआरआय काढला तोच त्यासाठी. एकाच कानाने कमी ऐकू यायला लागलं की डॉक्टर आधी ती शंका फेडून घेतात. पण जाऊबाईंची नजर खालच्या ओळीवर गेली: ‘डाव्या फेशियल नर्व्हमध्ये, जेनिक्युलेट गँग्लियन व टिम्पॅनिक भागात किंचित एनहान्समेंट.’ म्हणजे चेहरा हलवणारी नस कानाजवळच्या हाडात दोन ठिकाणी जरा उजळलेली.

“अगं, ही तोंड वाकडं करणारी नस ना?”

संध्याकाळपर्यंत आमच्या चाळीच्या अख्ख्या मजल्याला माझ्या तोंडाची काळजी लागली.

दादरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला सारून आधी माझ्याकडे पाहिलं. भुवया उचला. डोळे घट्ट मिटा, मी उघडायला बघतो. गाल फुगवा. दात दाखवा. शीळ घालता येते? (नाही, ती मला जन्मात कधी जमली नाही.) चेहरा दोन्हीकडे सारखा हलत होता. मग त्यांनी फिल्म उजेडावर धरली. कानामागच्या हाडात वळण घेणारी एक बारीक पांढरी रेघ, डावीकडे जरा ठळक.

ही नस हाडातल्या अरुंद नळीतून जवळपास 3 सेंटीमीटर जाते. नळीला नाव 16व्या शतकातल्या फालोप्पिओ या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचं. बायकांच्या गर्भनलिकाही त्याच्याच नावाने ओळखल्या जातात, म्हणजे गृहस्थाने बरंच शोधून ठेवलंय. नसेभोवती बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. एमआरआयच्या वेळी शिरेतून टोचलेलं गॅडोलिनियम (फोटो उजळवणारं औषध) तिथे पोचलं की तेवढा भाग उजळतो. ठणठणीत माणसांतही उजळतो, आणि डावं-उजवं सारखंच दिसेल असं नाही. हीच चमक त्याच नसेच्या मेंदूकडच्या भागात असती, किंवा नस जाड, गाठाळ दिसली असती, तर त्यांनी पुढचा तपास सांगितला असता. चेहरा फडफडला किंवा एका बाजूने ढिला पडला तर लगेच या, एवढं मात्र बजावलं.

रिपोर्ट लिहिणाऱ्याने दिसेल ते लिहायलाच हवं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ‘असं नेहमी दिसतं’ एवढे तीन शब्द पुढे जोडायला कितीशी शाई लागते? रिपोर्ट आधी पेशंटच्या घरी उघडतो, डॉक्टरकडे नंतर.

कान मात्र होता तसाच मंद आहे. पुढच्या आठवड्यात मशीन लावून बघायचंय. किमती ऐकून आमच्या ह्यांचाच चेहरा वाकडा झाला.